बुर्ज खलिफावर जायचंय? तिकिटाआधी सूर्य कधी बुडतोय ते बघा

आमच्या बेळगावातल्या वडगावात गल्लीत दोन-तीन घरांतलं कोण ना कोण दुबईला आहेच, कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, माझा तर सख्खा भाऊच तिथं आहे, आणि हिवाळा आला की पोरगं बोलवतंय म्हणून आई-वडील, मामा-मामी निघतात आणि निघायच्या आधी आमच्या घरी येऊन विचारतात, बुर्ज खलिफाचं तिकीट कसं काढायचं ओ? मी तीनदा वर जाऊन आले, एकदा नवऱ्याबरोबर, एकदा आई आणि मामांना घेऊन, आणि गेल्या वेळी पोरांना घेऊन. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिथं आपण उंचीचे पैसे देत नाही, वेळेचे देतो. मजला तोच, लिफ्ट तीच, काच तीच, पण सकाळी नऊचं तिकीट स्वस्त आणि संध्याकाळचं महाग, कारण सगळ्या जगाला सूर्य बुडताना वरच असायचं असतंय. त्या महाग वेळेला प्राईम अवर्स म्हणतात. तिकीट काढताना मजला, तारीख आणि वेळ अशा तीन गोष्टी निवडायच्या असतात, त्यात आपली माणसं मजल्यावर लई विचार करतात आणि वेळेवर अजिबात करत नाहीत.

पहिल्या वेळी आमचं हेच चुकलं. डिसेंबर महिना होता, आम्ही इथल्याच एका एजंटाकडून पॅकेज घेतलेलं आणि त्यानं सांगितलं सनसेटचं तिकीट आहे, साडेसहाचं, त्याचे वरचे पैसेही घेतले. आपल्याकडं डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास बुडतोय त्यामुळं मलाही साडेसहा म्हणजे थोडंसं उशीरा पण ठीक आहे असंच वाटलं. तिथं गेल्यावर कळलं की दुबईत डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच सूर्य जातोय. आम्ही खाली रांगेत उभारलो तेव्हाच बाहेर काळोख, वर पोचायला सव्वासात झाले. रात्रीचे दिवे छान दिसले, नाही असं नाही, पण समुद्र कुठं आणि वाळवंट कुठं हे काहीच कळलं नाही, सगळीकडं काळं, आणि वर महागाचं तिकीट. नवरा काही बोलला नाही पण मला फार वाईट वाटलं, एवढ्या लांब परत कधी येणार म्हणून.

म्हणून आधी आपल्या तारखेचा दुबईचा सूर्यास्त मोबाईलवर बघून घ्या. अंदाज म्हणून सांगते, डिसेंबरात साडेपाच, जानेवारी संपताना सहा, मार्च संपताना साडेसहा, जूनच्या शेवटी सव्वासात, आणि ऑक्टोबरच्या मध्याला परत सहाच्या आत. त्याच्या दीड तास आधीची वेळ तिकिटावर घ्या. दीड तास का, तर तिकिटावरची वेळ ही खाली रांगेत शिरायची असते, वर पोचायची नाही. तपासणी, रांग, लांबलचक बोळ, परत लिफ्टची रांग यात गर्दीच्या दिवशी पाऊण-एक तास सहज जातोय. वर गेल्यावर कोण लगेच हाकलत नाही, त्यामुळं लवकर पोचलात तर नुकसान काहीच नाही, एकाच तिकिटात उजेड, सूर्यास्त आणि दिवे लागलेलं शहर असं तिन्ही बघून होतंय. उशीरा पोचलात तर मात्र गेलेला सूर्य परत येत नाही.

आता मजला. साधं तिकीट १२४ आणि १२५ मजल्याचं असतं, ते साधारण ४५२ मीटरवर. महागडं तिकीट १४८ मजल्याचं, ते ५५५ मीटरवर, त्यात थोडं चहा-खाणं आणि कमी गर्दी मिळते, पण पैसे जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त. मला विचाराल तर घरच्या माणसांना घेऊन जाणार असाल तर १२४-१२५ च घ्या. एवढ्या वर गेल्यावर आणखी शंभर मीटरनं डोळ्याला फारसा फरक पडत नाही, खालच्या गाड्या मुंगीएवढ्या दिसायच्या त्या आणखी बारीक मुंगीएवढ्या दिसतात. उरलेल्या पैशात दुसऱ्या दिवशी दुबई फ्रेम ही चौकटीसारखी इमारत बघून होते. तिची उंची १५० मीटरच आहे पण तिकीट बरंच स्वस्त, मधला पूल काचेच्या जमिनीचा आहे, एका बाजूला जुनी दुबई दिसते आणि दुसऱ्या बाजूला नवी. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही, बुर्ज खलिफावर उभारल्यावर बुर्ज खलिफा दिसत नाही! फोटोत ती इमारत पाहिजे असेल तर दुसरीकडूनच बघायला पाहिजे. पाम जुमेरा या समुद्रातल्या बेटाचा झाडासारखा आकार बघायचा असेल तर तोही बुर्जवरून नीट दिसेल या आशेवर राहू नका, फार लांब आहे, त्यासाठी पामवरच ५२ व्या मजल्यावर २४० मीटरवर वेगळी गॅलरी आहे.

पॅकेज घेणाऱ्यांनी एजंटाला चार प्रश्न विचारून घ्या आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. बुर्जचं तिकीट धरलंय का नुसता बाहेरून फोटो, कारण "बुर्ज खलिफा दाखवणार" म्हणजे खाली उभा करून दाखवणार असंही असतंय. कुठला मजला. किती वाजताची वेळ. आणि प्राईम का नॉन-प्राईम. पॅकेजात स्वस्त पडतंय म्हणून बऱ्याचदा सकाळची वेळ घातलेली असते, ती वाईट नाही, पण आपल्याला माहीत पाहिजे. भाऊ-जावई तिथंच असेल तर त्यालाच अधिकृत साईटवरून काढायला सांगा, सगळ्यात सोपं. एकदा काढलेलं तिकीट परत करून पैसे मिळतील असं धरून चालू नका. चार वर्षांखालच्या पोरांना तिकीट लागत नाही.

हवेचं पण बघायला लागतंय. आपण जुलैत चोर्ला घाटात गाडी थांबवून पॉईंटवर उभारलो की समोर नुसतं पांढरं दिसतंय, दरी आहे का भिंत आहे कळत नाही, तसंच तिथंही होतंय, फक्त धुक्याच्या जागी धूळ असते. उन्हाळ्यात हवा दमट आणि धुळीची, लांबचं काही स्वच्छ दिसत नाही, शिवाय ४५ डिग्रीच्या आसपास ऊन. नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात चांगलं. त्यातही डिसेंबर-जानेवारीत काही दिवस पहाटेपासून दाट धुकं असतंय, त्यामुळं हिवाळ्यात अगदी सकाळचं पहिलं तिकीट घेऊ नका, धुकं विरायला वेळ द्या. जायच्या आधी दोन-तीन दिवस हवामान बघून मग तिकीट काढलं तर उत्तम, पण ते साध्या दिवसांना चालतंय. २ डिसेंबर हा तिथला राष्ट्रीय दिन, मग ख्रिसमस, वर्षअखेर, या दिवसांत संध्याकाळच्या वेळा आधीच संपतात, तेव्हा लवकरच काढून ठेवा. शनिवार-रविवार टाळा, २०२२ पासून तिथं शनिवार-रविवारच सुट्टी असते, शुक्रवारी अर्धा दिवस काम. आणि ३१ डिसेंबरला म्हातारी माणसं, लहान पोरं घेऊन त्या भागात जाऊच नका, रस्ते बंद, तिथलं मेट्रो स्टेशन संध्याकाळीच बंद करतात, आणि आतषबाजी घरच्या टीव्हीवर जास्त चांगली दिसते.

पोचल्या दिवशी बुर्ज ठेवू नका. इथून कोण रात्रीच्या बसनं मुंबईला जातंय, कोण सांबऱ्याहून विमानानं बेंगळुरू गाठतंय, तिथून पुढचं विमान, म्हणजे दुबईत उतरेपर्यंत एक दिवस आणि एक रात्र अंगावरून गेलेली असते. वय झालेल्या माणसांचे पाय सुजलेले असतात. मधे एक दिवस आराम, मग बुर्ज. आणि घड्याळाचं लक्षात ठेवा, दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. मोबाईल आपोआप बदलतोय पण हातातलं घड्याळ नाही. आमच्या मामांच्या हातात जुनं एचएमटी आहे, ते त्यांनी भारताच्याच वेळेवर ठेवलेलं, आणि दुपारी तीनलाच "साडेचार झाले, उशीर झाला, चला चला" म्हणून सगळ्यांना घराबाहेर काढलं. बरंच झालं म्हणा, त्या दिवशी आम्ही अगदी निवांत पोचलो.

जायचा रस्ता सोपा आहे. मेट्रोची रेड लाईन पकडायची, बुर्ज खलिफा-दुबई मॉल याच नावाचं स्टेशन आहे. पण स्टेशनवर उतरलं की समोर बुर्जचं दार असं नाही. तिथून दुबई मॉलपर्यंत एसीचा लांब पूल आहे, मधे मधे सरकते पट्टे आहेत, तरी पंधरा मिनिटं धरा, आणि मॉलच्या आत शिरल्यावर आणखी तेवढंच, कारण वर जायचं दार मॉलच्या आतच, अगदी खालच्या लोअर ग्राउंडच्या मजल्यावर आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही दुसऱ्या वेळी टॅक्सी केली आणि मॉलपाशीच उतरलो, येताना मेट्रो घेतली. गुडघेदुखी असणाऱ्यांनी जाताना टॅक्सीच करा, ताकद वरच्यासाठी राहू द्या. व्हीलचेअर वरपर्यंत जाते, आधीच तिथल्या माणसाला सांगायचं, त्यात लाजायचं काही कारण नाही.

रांगेत शिरायच्या आधी बाथरूमला जाऊन या, हे मी पोरांना सांगते तसंच मोठ्यांनाही सांगते. जेवून जा. डब्यात कुंदा घेऊन वर जाऊन खाऊ म्हणाल तर चालत नाही, बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, मोठी बॅग नको, ट्रायपॉड नको. मॉलमध्ये खाणं महाग पडतंय, आम्ही दुबईच्या करामा भागात जेवून निघालो, तिथं आपल्याकडच्यासारखं इडली-डोसा-थाळी मिळते आणि आईचं पोट शांत राहिलं. थंडीच्या दिवसांत शाल किंवा स्वेटर घ्या, १२४ व्या मजल्यावर उघडी गच्ची आहे आणि संध्याकाळी तिथं वारा सुटतो, खाली घाम आणि वर हुडहुडी.

लिफ्टच्या आधी जो लांब बोळ लागतोय तिथं बांधकामाचे फोटो आणि माहिती लावलीय, लोक तिथून पळत सुटतात, तुम्ही पळू नका. आमचे मामा उद्यमबागच्या फौंड्रीत तीस वर्षं होते, त्यांना वरच्या देखाव्यापेक्षा इथंच जास्त वेळ लागला. ८२८ मीटरची इमारत वाळूत उभी कशी राहिली हा त्यांचा प्रश्न होता. खाली १९२ खांब जमिनीत गाडलेत, प्रत्येकी दीड मीटर जाडीचे, साधारण पन्नास मीटर खोल. त्याच्यावर सव्वातीन लाख घनमीटरपेक्षा जास्त काँक्रीट. उन्हाळ्यात दिवसा काँक्रीट ओतलं तर ते लवकर सुकून तडकणार, म्हणून रात्री ओतायचे आणि मिश्रणात बर्फ घालायचे, हे ऐकल्यावर मामा तिथंच थांबले, म्हणाले आमच्याकडं ओतकामात जे ताव बघायला लागायचे तेच हे, माल गरम-गार किती आहे त्यावर सगळा खेळ. इमारत वरून बघितली तर इंग्रजी वाय अक्षरासारखी तीन पाकळ्यांची आहे, आणि वर जाईल तशी एकेक पाकळी आखूड होत जाते, त्यामुळं वाऱ्याला एकसारखा आकार मिळत नाही, त्याचे भोवरे जुळून येत नाहीत आणि इमारत फार डोलत नाही. अॅड्रियन स्मिथनी ती आखली, बिल बेकर तिचे इंजिनियर. बांधताना नाव बुर्ज दुबई होतं, ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन झालं तेव्हा अबुधाबीचे शेख खलिफा यांचं नाव दिलं.

लिफ्टला घाबरणाऱ्यांसाठी. लिफ्टमधून बाहेरचं काही दिसत नाही, अंधार करून भिंतीवर चित्रं फिरवतात, सेकंदाला दहा मीटर वेग, म्हणजे मिनिटभरात वर. पोटात गोळा येत नाही, फक्त कानात दडे बसतात, घाट उतरताना बसतात तसे. आवंढा गिळायचा, पोरांना तोंडात लिमलेटची गोळी द्यायची. वर दार उघडलं की लगेच काचेकडं जायचं नाही. आईला मी आधी आतल्या भिंतीला टेकून उभं केलं, लांब समुद्राची निळी पट्टी दाखवली, मग एकेक पाऊल पुढं. काच डोक्याच्या वरपर्यंत आहे, पडायची काही भीती नाही, पण हे भीती वाटणाऱ्याला सांगून पटत नाही, त्याला त्याच्या वेळेनं पुढं येऊ द्यायचं. दहा मिनिटांनी आईनं स्वतःच काचेला हात लावला आणि खाली वाकून बघितलं.

आणि काय दिसलं तिला माहिताय? सावली. संध्याकाळचे साडेचार वाजलेले, सूर्य समुद्राच्या बाजूला, आणि बुर्जची सावली दुसऱ्या बाजूला, इमारतींवरून, रस्त्यांवरून, पार वाळवंटाच्या दिशेनं पसरलेली, टोकाला अगदी सुईसारखी. आम्ही सगळे समुद्राकडं तोंड करून सूर्य शोधत होतो आणि आई एकटी पाठमोरी. म्हणाली, ही बघ की, सरकायलीय. खरंच, पाच मिनिटांत एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर गेलेली. म्हणून सांगते, वर गेल्यावर आधी पूर्ण एक चक्कर मारा, मग कुठं थांबायचं ते ठरवा. समुद्राच्या बाजूला हवा स्वच्छ असेल तर बुर्ज अल अरब हॉटेल आणि समुद्रातली बेटं दिसतात, शेख झायेद रोड सरळ रेघ मारल्यासारखा जातोय, आणि अगदी पायाखाली कारंज्याचं तळं. कारंजं संध्याकाळी ठराविक वेळानं गाण्याच्या तालावर सुरू होतं, त्या दिवशी चालू आहे का, किती वाजता आहे, ते आधी बघून ठेवा. वरून गाणं ऐकू येत नाही पण पाण्याची नक्षी कळते, रांगोळीचे ठिपके कुणीतरी हलवतंय असं वाटतं, आणि खाली उतरल्यावर तळ्याकाठी उभं राहून फुकट परत बघायचं, तेव्हा गाणंही ऐकू येतं.

उंचीचा अंदाज येत नाही म्हणणाऱ्यांना मी गोकाक सांगते. गोकाकचा धबधबा ५२ मीटर, तसले जवळजवळ नऊ एकावर एक ठेवले की १२४ वा मजला. पण मामांनी वर उभं राहून जे विचारलं ते मला जास्त आवडलं. आपलं बेळगाव समुद्रापासून किती उंच? भावानं मोबाईलवर बघितलं, साडेसातशे मीटरच्या आसपास. आणि आम्ही उभे होतो समुद्रापासून साडेचारशेवर. म्हणजे जगातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या गॅलरीत उभे राहूनही आम्ही आमच्या वडगावातल्या अंगणापेक्षा खालीच होतो, १४८ व्या मजल्यावर गेलो असतो तरी खालीच! मामा त्या दिवसापासून येळ्ळूरला राजहंसगडावर गेले की पोरांना हेच सांगतात.

वर राहणाऱ्यांना सूर्य खरंच जास्त वेळ दिसतो. रमजानात तिथं ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं उशीरा आणि १५० च्या वरच्यांनी तीन मिनिटं उशीरा रोजा सोडायचा असं सांगितलेलं आहे. त्यामुळं खाली दिवे लागायला लागले तरी तुम्ही काचेपासून हलू नका, तुमचा सूर्य अजून असतोय.

फोटोसाठी मोबाईलची लेन्स काचेला अगदी चिकटवा, फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर आपलंच तोंड काचेत दिसतं. उघड्या गच्चीवर काचांच्या मधे बारीक फटी आहेत, तिथून लेन्स धरली की चांगला फोटो येतो, पण फोन घट्ट धरा, हात बाहेर काढू नका. तिथले फोटोवाले हिरव्या पडद्यापुढं उभं करून तुमचा फोटो काढतात आणि शेवटी तो विकायला दाखवतात, घेतलाच पाहिजे असं अजिबात नाही, नको म्हणून सरळ पुढं जायचं. आपली माणसं भिडेपोटी घेतात आणि मग घरी येऊन हिशेब लावत बसतात. गॅलरीतली दुर्बीण मात्र पोरांना एकदा बघू द्या.

उतरतानाही रांग असते, ती सूर्यास्तानंतर लगेच सगळ्यात मोठी, कारण सगळे एकदमच निघतात. अर्धा तास थांबा, १२५ व्या मजल्यावर आत कुठंतरी बसा, शहराचे दिवे बघा, मग निघा. खाली आल्यावर दुकानातून बाहेर पडायला लागतंय, पोरांचा हात तिथं घट्ट धरा. मेट्रोला परत त्याच पुलावरून चालायचंय हे धरून ठेवा, कारंजं संपल्यावर तिथंही गर्दी होते. मेट्रोत बायका-पोरांसाठी वेगळा डबा आहे, गुलाबी खुणेचा, आईला घेऊन मी त्यातच चढले आणि जागा मिळाली. मेट्रोच्या तिकिटाचं जे नोल कार्ड असतं त्यात परतीचे पैसे सकाळीच भरून ठेवा, म्हणजे दमलेल्या माणसांना घेऊन मशीनपुढं परत एका रांगेत उभारायला लागत नाही.